कच्चं लायसन

सरजाबाईनं पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि पोराच्या गालावरचं काळं ऑइल पुसायला घेतलं. ग्यानोबानं मान मागं ओढली. तिनं त्याची हनुवटी धरून ठेवली.

"राहू दे की," शेजारी उकिडवा बसलेला तिचा नवरा केरबा म्हणाला. "ऑइल असलं की पोरगं मोठं दिसतंय."

तिचा हात थांबला. पुसलेल्या जागी गाल एकदम कोवळा दिसत होता. जेमतेम लव फुटलेला. न पुसलेल्या बाजूला मात्र चांगला बाप्या माणूस होता. तिनं पदर सोडला. असा अर्धा-अर्धा पोरगा घेऊन आता साहेबापुढं उभं राहायचं होतं.

जळकोटच्या शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून लातूरचे आरटीओ साहेब बसले होते. नवा जिल्हा झाल्यापासून लातूरला कचेऱ्याच कचेऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांतली एकेक कचेरी अधूनमधून जीपमध्ये बसून खेड्यांकडं यायची. पाणी तेवढं येत नव्हतं. यंदा साऱ्या भागात विहिरींनी तळ दाखवला होता आणि जिकडंतिकडं ट्रॅक्टरला टाक्या जोडून पाणी वाहणं चाललं होतं. ते वाहणाऱ्यांपैकी निम्म्यांजवळ लायसन नाही, ही गोष्ट सरकारला एक टँकर उलटल्यावर कळली. मग हुकूम निघाला आणि टँकरवाल्यांसाठी खास हा कॅम्प लागला.

केरबाजवळ लायसन होतं. मालक आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर, तो आला तेव्हापासून केरबाच चालवत होता. पण दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकला की काढू. आंब्यासारखं काहीतरी असावं ते. तो पिकेपर्यंत पोट कुणी भरायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. म्हणून वर्षभर ग्यानोबा स्टिअरिंगवर बसत होता आणि केरबा खिशात लायसन घालून शेजारी मडगार्डवर. कुणी अडवलंच तर दोघं झटकन जागा बदलायचे.

"कच्चं लायसन काढून घे पोराचं," आप्पासाहेबांनी केरबाला सांगितलं होतं. "नसंल व्हत तर उदगीरचा डायवर बघतो मी. माझा ट्रॅक्टर जप्त व्हायला नगं."

कच्चं लायसन म्हणजे शिकायचा परवाना. अठरा पुरी झालेल्याला तो मिळतो. मिळाला की शिकणाऱ्यानं चालवायचं, शेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसवायचा आणि गाडीला पुढंमागं लाल रंगात 'एल' लिहायचं. केरबाच्या घरी वर्षभर नेमकं हेच चाललं होतं. 'एल' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

"इचारलं तर अठरा मनायचं," केरबा सकाळपासून पुन्हा पुन्हा बजावत होता. "दाखल्यावर अठराच हाय. खोटं न्हाई काही."

दाखल्यावर अठराच होतं, ते खरं. ग्यानोबा लहानपणापासून लांब हातांचा. शाळेत घालायचं तेव्हा मास्तर पोरांना डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. ग्यानोबाचा कान चौथ्या वर्षीच लागला. शाळेत दुपारी सुकडी मिळायची, घरी तेवढंही मिळत नव्हतं, त्यामुळे केरबानं काही हरकत घेतली नाही. मास्तरांनी गावातल्या साऱ्या पोरांसारखी त्यालाही एक जून तारीख दिली आणि वर दोन वर्षं फुकट दिली. ती दोन वर्षं पोरानं तेव्हा खाऊन टाकली होती. आज ती मोठ्या कामाला येणार होती.

सरजाबाई ओट्याच्या पायरीला टेकून बसली. ऊन शाळेच्या भिंतीवर चढत होतं. नंबर यायला वेळ होता, आणि पोरगा भिंतीला डोकं टेकून बसल्या जागी डुलक्या घेत होता. रात्री दोन खेपा झाल्या होत्या. विहिरीवर नंबर लागेल तेव्हा भरायचं, मग ते भर रात्री का असेना. झोपेतसुद्धा त्याचा उजवा पाय अधूनमधून ताठ होऊन पुढं रेटायचा. घरीही तो असाच झोपे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं. संगप्पाच्या घरी जाऊन आल्यापासून येत नव्हतं.

संगप्पा म्हणजे पलीकडच्या गावचा. गेल्या पंधरवड्यात जो टँकर उतारावर उलटला, तो त्याचा नातू चालवत होता. सरजाबाई भेटायला गेली होती. पोराची आई रडत नव्हती. कोण आलं, कोण गेलं, तिला काही कळत नव्हतं. प्रत्येकीला ती एकच सांगत होती, त्याला मिशीबी न्हवती फुटली गं, मिशीबी न्हवती. सरजाबाई परत आली आणि त्या रात्री ग्यानोबाची खेप घरी येईपर्यंत दारात बसून राहिली. दुसऱ्या रात्रीही बसली. मग रोजच बसू लागली. ती आता थकली होती. पोर दमलं होतं, नवरा दमला होता आणि या साऱ्यांकडं बघून बघून ती त्यांच्याहून जास्त दमली होती.

पण तिच्या हातात काय होतं? पगार बंद झाला तर घर बसत होतं. शिवाय उदगीरचा ड्रायव्हर आला तर टँकर आधी गावच्या चौकात उभा राहील, आणि गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीपर्यंत येईतो त्यात पाणी उरेलच असं नाही. केरबा होता म्हणून वस्तीची टिपाडं भरत होती. हे वस्तीतल्या बायांना माहीत होतं, आणि सकाळी निघताना पंचफुलानं हाक मारून सांगितलंही होतं, "नीट बोल गं सायबाशी."

"ग्यानोबा केरबा!" शिपायानं पुकारलं.

पोरगा दचकून उठला आणि उठता उठता ट्रॅक्टर कुठं आहे ते आधी बघितलं.

साहेब वयस्कर होते. घामानं त्यांच्या सदऱ्याची पाठ चिकटली होती आणि टेबलावर झाकून ठेवलेला चहा कधीच गार झाला होता. त्यांनी दाखला पाहिला, फोटो पाहिला, मग पोराकडं पाहिलं.

"उजवीकडे वळायचं असेल तर?"

ग्यानोबानं उजवा हात सरळ बाहेर काढला.

"थांबायचं असेल तर?"

त्यानं हात वर उचलून दाखवला.

"आणि उतार लागला. ब्रेक कधी लावशील?"

"लई आधी, साहेब. हळूहळू दाबत जायाचं. टाकी अर्धी असली की पाणी मागून ढकलतंय."

साहेबांनी मान वर केली.

"कुठलं पाणी?"

ग्यानोबानं जीभ चावली. केरबा खोकला.

"तू तर शिकायचा परवाना मागायला आलास ना? अजून गाडीला हात लावला नाहीस, असं इथं लिहिलंय."

"न्हाई लावला," ग्यानोबा खाली बघत म्हणाला. त्याच्या दोन्ही तळहातांवर स्टिअरिंगचे घट्टे होते. त्यानं ते मागं लपवले, पण जरा उशीरच झाला होता.

साहेब चिडले नाहीत. चिडण्याइतका जीव त्यांच्यातही उरलेला दिसत नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा त्या अर्ध्या पुसलेल्या गालाकडं पाहिलं आणि पायरीजवळ उभ्या असलेल्या सरजाबाईकडं वळले.

"तुम्ही आई का याची? बाई, याचा जन्म कधीचा?"

केरबाचं तोंड तिच्याकडं वळलं. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी वळलं.

"दुष्काळातला," ती म्हणाली.

"कोणत्या दुष्काळातला?"

"भात्तरच्या. खडीवर झाला. आमी सगळ्या खडी फोडाया जात व्हतो, तितंच."

"अडाणी हाय, साहेब," केरबा घाईनं म्हणाला. "हिला सालाचा हिशेब कळत न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बोटांवर मोजायची त्यांना गरज नव्हती, पण त्यांनी मोजल्यासारखं केलं. मग दाखला तिच्या दिशेनं सरकवला, जणू तिला वाचता येत होतं.

"दाखल्यावर सत्तर साल आहे, बाई. तेव्हाही पाऊसपाण्याची ओढाताण होतीच. नीट आठवा. सत्तर, की बहात्तर? तुम्ही सांगाल ते मी धरतो."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं, हे तिला कळलं. सरजाबाईला हिशेब चांगला कळत होता. टँकर वस्तीत आला की कुणाच्या टिपाडात किती घागरी टाकायच्या ते तीच ठरवायची, आणि तिच्या मापावर आजवर भांडण झालं नव्हतं. सत्तर म्हटलं की सगळं सुरळीत होणार होतं. पगार राहणार होता, पाणी राहणार होतं. आणि रात्री दारात बसणं राहणार होतं.

ग्यानोबा तिच्याकडं बघत होता. डोळ्यांत लाल शिरा होत्या.

"भात्तर," ती म्हणाली. "सोळा चालू हाय त्याला. पुरी बी न्हाई झाली."

साहेबांनी दाखला परत आपल्याकडं ओढला. मग कागद एकत्र करून ते पोराच्या हातात दिले.

"दोन वर्षांनी ये," ते म्हणाले. "तोवर चालवताना दिसलास तर मला लिहावं लागेल. पुढचा कोण आहे रे?"

तिघं शाळेच्या फाटकाबाहेर आले. रिकामी टाकी जोडलेला ट्रॅक्टर लिंबाच्या सावलीत उभा होता. केरबानं चाचपत हँडल धरलं.

"दिवाळं काढलंस, सरजा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "घरी बसून काय खायाचं ते बी सायबाला इचारून यायचं व्हतंस."

"माझं चुकलं का?"

"मला काय इचारती? पोराला इचार."

ती पोराकडं वळली, पण ग्यानोबानं नजर दिली नाही. सवयीनं त्याचा पाय फूटरेस्टवर गेला होता. ओट्यावरून साहेब इकडंच बघत होते. त्यानं पाय खाली घेतला.

"सरक बाजूला," केरबा म्हणाला. "लायसन माझ्याजवळ हाय." आणि तो चढून सीटवर बसला.

हे सरजाबाईच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोराला रस्त्यावरून खाली कसं उतरवायचं याचाच विचार तिनं इतके दिवस केला होता. तो उतरला की त्या जागी कोण बसणार, हे तिनं बघितलं नव्हतं. ती एका मडगार्डवर बसली, ग्यानोबा दुसऱ्या. कायद्यानं आता सगळं बरोबर होतं. ट्रॅक्टर धूर सोडून निघाला.

"डावीकडं घ्या, बा," ग्यानोबा म्हणू लागला. "बस. आता सरळ. खड्डा हाय, दबकत. सायकलवाला चाललाय, जाऊ द्या त्याला."

"दिसतंय मला."

"आणखी डावीकडं, बा."

बाजाराचा रस्ता तसाच पार पडला. गाव संपता संपता, पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी, एक बाई डोक्यावर घागर घेऊन रस्ता ओलांडत होती. मागं पदर धरून तिची लहान पोर. ग्यानोबा ओरडला. केरबाचा पाय हलला नाही. ग्यानोबानं मडगार्डवरूनच खाली पाय टाकून बापाच्या पायाशेजारचा ब्रेक जीव खाऊन दाबला. टाकी मागं धडधडली, आणि ट्रॅक्टर बाईच्या पुढ्यात, अगदी हातभर अंतरावर थांबला.

घागर पडली. पोर रडू लागली. ती बाई ट्रॅक्टरकडं बघतच नव्हती. रस्त्यावर पसरलेल्या आणि बघता बघता जिरून जाणाऱ्या पाण्याकडं बघत होती.

सरजाबाई खाली उतरली. घागर उचलून बाईच्या हातात दिली. पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.  मग ती केरबासमोर आली.

"उतरा," ती म्हणाली.

"अगं चुकून—"

"खाली उतरा, ग्यानूचे बा."

ग्यानोबा मडगार्डवरून सीटकडं सरकू लागला.

"तू बी न्हाई," ती म्हणाली.

केरबा हळूहळू उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावरही त्याचा एक हात स्टिअरिंगवरच होता. 

"मला ती बाई दिसलीच न्हाई, सरजा," तो म्हणाला. "ग्यानू ओरडला तवा बी दिसली न्हाई. अजून बी दिसली न्हाई. कुठं व्हती?"

सरजाबाईला रडू आलं. तिनं ते तिथंच, रस्त्यात उभी राहून, पदर न लावता रडून घेतलं. केरबानं आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं लायसन काढलं आणि तिच्या दिशेनं धरलं. ती होती त्याच्या जरा डावीकडं. तिनं सरकून ते घेतलं आणि कमरेच्या पिशवीत घातलं.

मालकाचा ट्रॅक्टर रस्त्यावर सोडून जाता येत नव्हता. पंक्चरवाल्यानं तो ढकलायला मदत केली आणि टपरीच्या कडेला लावून घेतला. आप्पासाहेबांचा माणूस येईपर्यंत केरबा तिथं थांबणार होता. "सांगतो मी त्यांला," तो म्हणाला. "डोळ्याचं मीच सांगतो. तू नगं काही बोलू."

माय-लेक पायी निघाले. दोन कोसांची वाट, दोन्हीकडं नांगरून पडलेली रानं. ग्यानोबा पुढं चालत होता.

"मला येतं की चालवाया," तो बऱ्याच वेळानं म्हणाला. मागं वळला नाही. "सगळे मनतात, केरबाच्या पोराचा हात चांगला हाय. एकदा बी घासला न्हाई कुठं."

"हाव."

"मग?"

तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. संगप्पाच्या सुनेचं सांगायचं होतं.

"मला झोप येत न्हाई रे, लेकरा," एवढंच ती म्हणाली.

 थोडं पुढं गेल्यावर त्याची चाल मंदावली आणि तो तिच्या बरोबरीनं चालू लागला. घराजवळ येईपर्यंत त्याचे डोळे मिटत होते. आत शिरला, घोंगडीसुद्धा न पसरता जमिनीवर आडवा झाला आणि तसाच झोपला.

वस्तीच्या तोंडाशी टिपाडं रांगेत लागलेली होती. बाया घागरी घेऊन सावलीला बसल्या होत्या. ती तिघं ट्रॅक्टरवर गेलेली त्यांनी पाहिली होती, आणि आता ही दोघं चालत आलेलीही पाहिली. पंचफुला उठून सरळ दारात आली.

"टँकर?"

"न्हाई यायचा आज. उद्या बी सांगता येत न्हाई. दुसरा डायवर बघतील."

"कामून?"

"सायबानं ग्यानूचं वय इचारलं. मी सोळा सांगितलं."

 पंचफुलानं कपाळाला हात लावला. "अगं, अठरा मनाया तुझं काय गेलं असतं? दोन लेकरं तापानं पडलीत माझी. प्यायाला बी न्हाई घरात. दुसरा डायवर वस्तीत पाणी आणील व्हय? चौकातच खाली करील तो."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय मनून बोललीस?"

"हाव," सरजाबाई म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं, भांडायचा जीवही नव्हता. पंचफुलाचं काही खोटं नव्हतं. "शिव्या दे मला. देऊन टाक."

मागं आणखी चारदोघी येऊन उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं, कुणी नुसतंच तोंड फिरवलं. म्हातारी कोंडाबाई सगळ्यांत मागं होती. ती पुढं आली, चौकटीला हात टेकून वाकली आणि आत बघितलं. जमिनीवर झोपलेल्या पोराचं तोंड उघडं होतं.

"खडीवर या हातानं नाळ तोडली व्हती मी याची," ती म्हणाली. "ह्यो केवढा हाय, मला ठावं न्हवतं व्हय? तू बी व्हतीस तितं, पंचफुले. तू बी लुगड्याचा आडोसा धरून उभी व्हतीस."

पंचफुलानं आत झोपलेल्या पोराकडं बघितलं.

"रोज घागर भरून घेताना बघत व्हतो त्याला," कोंडाबाई म्हणाली. "ठावं असून घेत व्हतो."

ती वळली आणि रांगेतल्या आपल्या टिपाडाजवळ गेली. नेहमी ती ते आडवं करून दगडगोट्यांवरून गडगडत घरी न्यायची, साऱ्या वस्तीला कळायचं. आज तिनं ते आडवं केलं नाही. एका बाजूनं काठ धरला आणि पंचफुलाकडं बघितलं.

"धर गं त्या अंगानं," ती म्हणाली. "उचलून नेऊ. पोरगं निजलंय."

 पंचफुला पुटपुटत गेली आणि तिनं दुसरा काठ धरला.